आधी पाणी की आधी श्रद्धा? बाप्तिस्म्याची गोष्ट



शाळेतल्या एखाद्या मित्राच्या धाकट्या भावंडाच्या ‘ख्रिस्निंग’चे आमंत्रण आपल्यापैकी काही घरांत कधी ना कधी येते. पांढऱ्या झबल्यातले बाळ, त्याच्या डोक्यावर तीनदा ओतलेले पाणी, एक मेणबत्ती, प्रार्थना आणि नंतर चहा-केक. घरी आल्यावर आजीचा फोनवर प्रश्न असतो, “म्हणजे त्यांचे बारसेच ना?” आणि आपण सोपे म्हणून “हो” म्हणून टाकतो.

पण ते बारसे नव्हे. बारशात बाळाला नाव मिळते. बाप्तिस्म्यातही नाव उच्चारले जाते, पण तो त्याचा मुख्य हेतू नाही. आपल्याकडचा जवळचा विधी शोधायचाच तर तो मुंजीचा. मुंज झालेल्याला ‘द्विज’, म्हणजे दुसऱ्यांदा जन्मलेला, म्हणत. बाप्तिस्मासुद्धा दुसरा जन्मच मानला जातो. फरक असा, की परंपरेने मुंज काही जातींच्या मुलग्यांचीच होत असे. बाप्तिस्मा मात्र पहिल्यापासून कोणालाही देता येत असे. त्या पाण्यातून बाहेर आल्यावर यहुदी-ग्रीक, गुलाम-मालक, पुरुष-स्त्री हा भेद उरत नाही, असे संत पौलाने पहिल्या शतकातच गलतीकरांना पत्र लिहून बजावले होते.

मग प्रश्न पडतो, की या पाण्याने नेमके काय होते? ते घेतल्याशिवाय माणसाला तारण, म्हणजे पापातून सुटका आणि देवाजवळ जागा, मिळत नाही का? हा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे, आणि आपल्या मराठी माणसांनीही तो स्वतःच्या संसाराची किंमत देऊन सोडवला आहे. म्हणून तो आपल्या अंकात.

शब्द कुठून आला?

‘बाप्तिस्मा’ हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा साधा अर्थ बुडवणे. कापड रंगात बुडवतात तसे. मराठी बायबलात हा शब्द तसाच ठेवला आहे. मराठी कॅथलिक मंडळी ‘स्नानसंस्कार’ असाही शब्द वापरतात, आणि तो ऐकताच अर्थ कळतो.

बायबलातली गोष्ट यार्देन नदीपासून सुरू होते. योहान नावाचा एक विरक्त माणूस लोकांना पश्चात्ताप करायला सांगून नदीत स्नान घालत असे. यहुदी लोकांत शुद्धीसाठी स्नान करण्याची चाल होतीच. आपल्याला तर हे समजायला काहीच जड नाही, आपली आजी गोदावरीत किंवा चंद्रभागेत डुबकी मारतेच. पण एक भेद लक्षात ठेवा. आपले तीर्थस्नान आपण स्वतः करतो आणि पुन्हा पुन्हा करतो. बाप्तिस्मा दुसऱ्याच्या हातून घ्यायचा असतो आणि आयुष्यात एकदाच.

येशूनेही योहानाकडून बाप्तिस्मा घेतला. येशूच्या मृत्यूनंतर आणि शिष्यांच्या श्रद्धेप्रमाणे त्याच्या पुनरुत्थानानंतर, पेन्टेकॉस्टच्या सणाला पेत्राचे भाषण ऐकून सुमारे ३,००० लोकांनी बाप्तिस्मा घेतला, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात सांगितले आहे.

पहिल्या ख्रिस्ती लोकांनी या स्नानाला तीन अर्थ दिले. पहिला, धुणे : जुनी पापे धुतली जातात. दुसरा, जन्म : योहानाच्या शुभवर्तमानात येशू निकदेम नावाच्या विद्वानाला पाणी आणि आत्मा यांच्यापासून नव्याने जन्मण्याविषयी सांगतो. तिसरा अर्थ पौलाचा, आणि तो सर्वांत धीट : मरण. पाण्याखाली जाणे म्हणजे येशूबरोबर पुरले जाणे, आणि वर येणे म्हणजे त्याच्याबरोबर उठणे. जुना माणूस पाण्यात राहिला, वर आला तो नवा.

तेव्हा तो कसा देत असत?

‘दिदाखे’ म्हणजे शिकवण, या नावाची एक छोटी पुस्तिका आहे. ती पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्या शतकाच्या आरंभीची समजतात. तिची हस्तलिखित प्रत १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली आणि १८८३ मध्ये ती छापली गेली. तिच्यातल्या सूचना एखाद्या चांगल्या माहितीपत्रकासारख्या आहेत. बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात द्यावा. वाहते नसेल तर साठलेल्या पाण्यात द्यावा. थंड पाणी चालत नसेल तर कोमट घ्यावे. दोन्ही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओतावे. देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आधी उपवास करावा.

म्हणजे ते लोक आज इथे असते तर त्यांची पहिली पसंती मनावाटू नदीला असती. जुलै महिन्यात मात्र त्यांनी कोमट पाण्याची सवलत नक्की घेतली असती!

पुढे तयारी वाढत गेली. तिसऱ्या शतकाशी जोडल्या जाणाऱ्या एका नियमपुस्तकात तीन वर्षांचे शिक्षण सांगितले आहे. उमेदवाराचे वागणे कसे आहे, तो विधवांना आणि आजाऱ्यांना मदत करतो का, हेही पाहिले जाई. त्याच पुस्तकात लहान मुलांनाही बाप्तिस्मा देण्याची सोय आहे. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने आईवडिलांनी उत्तरे द्यायची. सीरियात दुरा-युरोपोस या गावी एका घरातली बाप्तिस्म्याची खोली १९३० च्या दशकात उत्खननात सापडली. ती तिसऱ्या शतकाच्या मध्याची आहे. तिथे पाण्याचे कुंड आहे, आणि भिंतींवर मेंढपाळाचे आणि पाण्यावर चालणाऱ्या येशूचे चित्र आहे.

आवश्यक अट आणि पुरेशी अट

आता मूळ प्रश्न. मोठ्या मुलांनी गणितात दोन प्रकारच्या अटी शिकल्या असतील. झाड वाढायला पाणी आवश्यक आहे, पण पुरेसे नाही, ऊनही लागते. बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक आहे का? आणि पुरेसा आहे का?

‘प्रेषितांची कृत्ये’ आणि लूकचे शुभवर्तमान उघडून पाहिले तर तीन निरनिराळ्या गोष्टी सापडतात.

पहिली शोमरोनची. तिथे लोकांनी फिलिपाकडून बाप्तिस्मा घेतला, पण पवित्र आत्मा त्यांच्यावर आला तो नंतर, पेत्र आणि योहान तिथे पोचल्यावर. म्हणजे आधी पाणी, मग आत्मा. त्याच गावात शिमोन नावाचा जादूगार होता. त्यानेही बाप्तिस्मा घेतला आणि लगेच पैसे देऊन ती शक्ती विकत मागू लागला! पेत्राने त्याला खडसावले. याचा अर्थ पाणी पुरेसे नाही.

दुसरी गोष्ट कर्नेल्य या रोमन सैन्यातल्या अधिकाऱ्याची. पेत्र अजून बोलतच होता, तोवर त्या परक्या घरातल्या माणसांवर पवित्र आत्मा उतरला. पेत्र म्हणाला, यांना आता पाणी कोण नाकारील? म्हणजे आधी आत्मा, मग पाणी.

तिसरी गोष्ट लूकच्या शुभवर्तमानातली. येशूशेजारच्या क्रूसावरच्या अपराध्याने शेवटच्या घटकेला त्याच्यावर विश्वास टाकला, आणि येशूने त्याला त्याच दिवशी स्वर्गाचे आश्वासन दिले. त्याला पाणी मिळालेच नाही.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटी एक वाक्य आहे. विश्वास धरून बाप्तिस्मा घेणारा तरेल, असे त्याच्या पूर्वार्धाचे सांगणे आहे. उत्तरार्धात मात्र फक्त विश्वास न धरणाऱ्याचा दोष सांगितला आहे, बाप्तिस्मा न घेणाऱ्याचा उल्लेख नाही. हा भाग काही अतिप्राचीन हस्तलिखितांत सापडत नाही, पण दुसऱ्या शतकापासून तो वाचला जात होता. तर्काच्या दृष्टीने पाहा : ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही असले तर फळ मिळते, ‘अ’ नसले तर मिळत नाही. ‘अ’ आहे आणि ‘ब’ नाही, त्याचे काय? त्या ओळीत ती रांग रिकामी ठेवली आहे, आणि पुढची अनेक शतके लोक ती भरण्याचा प्रयत्न करत आहेत.

रिकाम्या रांगेवरचा वाद

सुमारे इ.स. २०० मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तर्तुल्यन या लेखकाने बाप्तिस्म्यावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. पाणी हवेच, असे त्याचे ठाम मत होते. पण शिक्षण चालू असताना, पाणी मिळण्याआधीच एखाद्याला विश्वासासाठी मारले तर? तर्तुल्यन म्हणतो, त्याचे रक्त हाच त्याचा बाप्तिस्मा. विशेष म्हणजे हाच तर्तुल्यन लहान मुलांना घाईने बाप्तिस्मा देऊ नये, असेही सांगतो. त्यांना कळू द्या, मग घेतील.

बाप्तिस्म्याने आधीची सर्व पापे धुतली जातात, आणि तो एकदाच मिळतो. मग काही हिशेबी लोकांनी विचार केला, की शेवटीच का घेऊ नये? सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिला, पण स्वतः बाप्तिस्मा घेतला तो ३३७ मध्ये, मृत्यूच्या थोडे आधी. मिलान शहराने ३७४ मध्ये अँब्रोज याला बिशप म्हणून निवडले, तेव्हा त्याचा बाप्तिस्माच झालेला नव्हता. तो आधी उरकावा लागला! ३९२ मध्ये तरुण सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्म्याची वाट पाहत असतानाच मरण पावला. त्याच्या बहिणी शोक करत होत्या. तेव्हा याच अँब्रोजने त्यांचे सांत्वन केले, की त्याने जे मागितले होते ते त्याला मिळालेच असेल. म्हणजे मनापासूनची इच्छा हाही एक बाप्तिस्माच.

अँब्रोजच्या हातून ३८७ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला ऑगस्टिन मात्र अधिक कठोर निघाला. जन्मतःच माणसात पाप असते, म्हणून बाप्तिस्म्याविना मेलेले तान्हे मूलही तारणाबाहेर राहते, असे त्याने मांडले. पुढची हजार-दीड हजार वर्षे मूल गमावलेल्या किती आयांना या मताने रडवले असेल! २००७ मध्ये कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने एक निवेदन प्रसिद्ध केले. अशा बाळांना देव तारील अशी आशा धरायला भक्कम कारणे आहेत, असे त्यात सांगितले आहे.

या वादाच्या खुणा इथे आपल्या आजूबाजूलाच दिसतात. कॅथलिक, अँग्लिकन, मेथडिस्ट आणि ऑर्थोडॉक्स मंडळी तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतात. बाप्टिस्ट आणि पेन्टेकॉस्टल मंडळी कळत्या वयात, पूर्ण बुडवून देतात. आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांमुळे आपल्या ओळखीची असलेली सॅल्व्हेशन आर्मी पाण्याचा विधीच करत नाही.

आपल्याकडे काय झाले?

आता समुद्र ओलांडून आपल्या भागात येऊ. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज सत्तेखाली गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. त्यात राजसत्तेचा दबाव मोठा होता. देवळे पाडली गेली, जुन्या धर्माच्या आचरणावर बंदी आली. पाणी आधी पडले आणि समजावणे मागाहून आले. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला आले. त्यांनी मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ मध्ये प्रथम छापले गेले. ज्यांचा बाप्तिस्मा झाला होता, पण ज्यांच्या हातात आता कुठलेच पुराण उरले नव्हते, अशा लोकांसाठी हा ग्रंथ होता. तीन वर्षे शिकवून मग पाण्यात उतरवणाऱ्या जुन्या चर्चच्या नेमका उलटा हा क्रम.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई-पुण्याची गोष्ट वेगळी. इथे एकेक माणूस विचार करून पाण्यापाशी येत होता, आणि त्या पाण्याला घरचे लोक फार भीत होते. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. वडिलांनी न्यायालयात जाऊन त्याला परत मिळवले. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, तरी त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर मोठे वादळ उठले, कारण त्याने तिथले अन्नपाणी घेतले होते. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या बाजूने उभे राहिले.

इथे एक मजेची पण दुःखाची गोष्ट दिसते. चर्चच्या मते माणूस ख्रिस्ती होतो तो डोक्यावर पडलेल्या पाण्याने. आपल्या तेव्हाच्या समाजाच्या मते माणूस बाटतो तो पोटात गेलेल्या पाण्याने. दोघांनीही सीमारेषा पाण्याचीच आखली होती, फक्त जागा वेगळी होती!

तीन माणसे, तीन क्रम

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. लगेचच त्यांचे तिथल्या धर्मभगिनींशी मतभेद सुरू झाले. माझा बाप्तिस्मा ख्रिस्तावरच्या विश्वासाने झाला आहे, तुमच्या चर्चचा प्रत्येक सिद्धान्त मान्य करण्याचे मी वचन दिलेले नाही, अशी त्यांची भूमिका होती. जेवण त्यांनी शाकाहारीच ठेवले. आणि पुढे त्यांनी स्वतःच सांगितले, की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. ती खरी ओळख त्यांना १८९१ च्या सुमारास पटली, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी. शोमरोनसारखे : आधी पाणी.

कवी नारायण वामन टिळकांचा क्रम उलटा. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. वाचता वाचता त्यांचा विश्वास बसला, पण पाण्यापर्यंत यायला १८९५ चा १० फेब्रुवारी उजाडला. विश्वास होताच, तर मग मुंबईला जाऊन बाप्तिस्मा कशासाठी घेतला? कारण मनातला विश्वास कोणाला दिसत नाही. बाप्तिस्मा हा चारचौघांत दिलेला शब्द असतो. कर्नेल्याला आत्मा मिळाल्यावरही पेत्राने पाणी मागवले, ते याचसाठी.

त्या शब्दाची किंमत लक्ष्मीबाईंना मोजावी लागली. नवऱ्याने त्यांना न सांगता बाप्तिस्मा घेतला होता. लहान दत्तूला घेऊन त्या कित्येक वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या टिळकांकडे परत आल्या, पण सोवळे सोडले नाही. मग हळूहळू त्यांना पटत गेले, की जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे. मग त्या कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. पोटातल्या पाण्याची सीमा त्यांनी अशी आधी ओलांडली, आणि डोक्यावरचे पाणी १९०० मध्ये घेतले. हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये इतक्या हसऱ्या भाषेत लिहिले आहे, की मोठ्या मुलांनी ते आईबाबांकडून वाचून घ्यावेच.

या गोष्टीचा शेवट अजून बाकी आहे. ज्या टिळकांनी बाप्तिस्म्यासाठी घर मोडण्याचा धोका पत्करला, त्यांनीच १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. स्वतःचा बाप्तिस्मा त्यांनी नाकारला नाही, पण त्याला दाराबाहेर उभे करण्याची अट होऊ दिले नाही. ९ मे १९१९ रोजी ते वारले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

तर उत्तर काय?

पहिल्या ख्रिस्ती लोकांना विचारले असते, तर बहुतेकांनी सांगितले असते, की बाप्तिस्मा हे दार आहे, आणि दारातूनच आत यावे. पण त्यांच्याच पुस्तकांत क्रूसावरचा अपराधी आहे, कर्नेल्य आहे, पाण्याआधी मारले गेलेले हुतात्मे आहेत. दार माणसांसाठी आहे, देवाला त्या दाराचे बंधन नाही, असे त्यांनी या ना त्या शब्दांत मान्य केले. उलट शिमोन जादूगार दारातून आत आला आणि तरीही बाहेरच राहिला. तेव्हा पुरेशी अट तर नक्कीच नाही. आवश्यक आहे का, यावर ख्रिस्ती मंडळी आजही एकमत नाहीत, आणि आपण बाहेरच्यांनी त्यांचा निकाल लावण्याचे कारण नाही.

आपण एवढे करू शकतो. पुढच्या वेळी आमंत्रण आले तर केकची वाट पाहण्याआधी पाण्याकडे नीट लक्ष द्या. बाळ बोलू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने कोण उत्तरे देते ते ऐका. एक ओंजळ पाणी दिसेल. त्याच ओंजळीपायी रमाबाईंनी वाद घातले, आणि टिळकांचे घर दुभंगले आणि पुन्हा जुळले.

घरी बोलण्यासाठी दोन प्रश्न देतो. आपल्या घरातल्या कोणत्या विधीत पाणी असते, आणि ते का असते? आणि एखादी गोष्ट मनात पक्की असताना ती चारचौघांत सांगणे का लागते? उत्तरे मराठीत लिहून आणा. आजीआजोबांना फोनवर विचारले तरी चालेल, बहुधा तीच उत्तरे सर्वांत चांगली निघतील.